पांढरं सगळ्यात शेवटी

१

आमच्या थॉर्नलो गावची चांदीची वाटी नाहीशी झाल्याचं कळलं ते शनिवारी सकाळी, भर प्रार्थनेत, बसगाड्या भरभरून आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

गाव झऱ्याभोवती जमलं होतं. बँडवाल्यांचं वाजवून झालं होतं. आमच्या चर्चच्या धर्मगुरू जोसलिनबाई पेटी घेऊन पुढं आल्या. दरवर्षी त्या वाटीनं झऱ्याचं पहिलं पाणी घेतात, एक घोट गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला देतात, एक सगळ्यात लहान मुलाला. बाईंनी पेटी उघडली आणि नुसत्या बघतच राहिल्या. आत निळी मखमल होती, मखमलीत वाटीच्या आकाराचा खड्डा होता, आणि वाटी नव्हती.

शेवटी मी दुकानातून चहाचा कप आणून दिला. गेली तीनशे वर्षं जे चांदीनं झालं ते यंदा माझ्या कान तुटलेल्या कपानं झालं. पाहुण्यांना वाटलं, हीच रीत असावी. त्यांनी फोटो काढले.

मी थेल्मा बॅगशॉ. झऱ्यासमोर माझं चहाचं दुकान आहे. पाहुणे येतात म्हणून माझं घर चालतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये हे मला कळतं. पण माणसानं दुसऱ्याच्या खिडकीला नाक लावून आत बघावं का? आणि त्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या हायड्रेंजियाच्या झाडावरचे पांढऱ्या फुलांचे अर्धे गेंद कापून नेले होते, तेही कोठाराकडच्या बाजूचे. मी कुंपणाला 'फुलं तोडू नयेत' अशी पाटी लावली, तर लोक तिचेही फोटो काढायला लागले.

कोठार माझ्या परसामागंच आहे. दर ऑगस्टातल्या उत्सवाला झऱ्यामागं उभं करायचं फुलांचं चित्र तिथं तयार होतं. माणसाहून उंच लाकडी चौकटीत चिकणमाती थापायची, तिच्यावर चित्राच्या रेघा टोचून घ्यायच्या आणि मग पाकळ्या, शेवाळ, बिया बोटांनी एकेक करून बसवायच्या. खालून वर, कौलं शाकारतात तशा, म्हणजे पाऊस ओघळून जातो. आणि पांढरं सगळ्यात शेवटी, शुक्रवारी दुपारी, कारण पांढरी पाकळी सगळ्यात आधी तपकिरी पडते. हे सगळं आम्हाला नॉर्मन हीथकोटनं शिकवलं, म्हणजे रागावून रागावून शिकवलं. नॉर्मन आमच्या चर्चचा कारभारी. चाळीस वर्षं चित्र तोच काढतो, आणि ती वाटीही तोच पुसतो. मागच्या वर्षी रोझी नावाच्या मुलीनं गुरुवारी एक पांढरी पाकळी लावली, तर त्यानं सगळ्यांसमोर तिची अशी हजेरी घेतली की पोर रडत घरी गेली आणि परत आलीच नाही.

यंदाचं चित्र मेंढपाळाचं होतं, खांद्यावर हरवलेलं कोकरू घेतलेल्या. कोकरू नॉर्मननं एकट्यानं केलं होतं, आम्हाला बोट लावू दिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काय उठाव आला होता त्याला! हात लावला तर ऊब लागेल असं वाटत होतं.

पेटी रिकामी निघाली तेव्हा नॉर्मन त्या कोकराशेजारीच उभा होता. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. मला बिचाऱ्याची दया आली.

२

संशय कोणावर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. कॉरिन टॅन्सली.

कॉरिन गावातली हिरवळ कापतो, चर्चच्या आवारातलं गवत कापतो, कुंपणं छाटतो. वर्षभरापूर्वी तो आला तेव्हा जोसलिनबाईंनी चर्चच्या सभेत सरळ सांगून टाकलं होतं की तो तुरुंगातून सुटून आला आहे आणि त्याला चर्चची रिकामी झोपडीवजा खोली द्यायची आहे. मोठ्या घरांतल्या वस्तू चोरल्या होत्या त्यानं, एका मित्राच्या नादानं. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर सगळ्यांनी कुलपं बदलली.

शनिवारी दुपारी जाइल्स फेरंड त्याच्या अवजारांच्या खोलीवर गेले. जाइल्स म्हणजे गढीसारखं मोठं घर विकत घेऊन इथं राहायला आलेले गृहस्थ. गावच्या समितीचे अध्यक्ष. पाहुण्यांसाठी फलक, नकाशे, फुलांच्या टोपल्या, सगळं त्यांचं. दोन सदस्य साक्षीला घेतले होते. कॉरिननं स्वतः दार उघडून दिलं, बघा म्हणाला. फळीवर एक पत्र्याचा डबा होता, त्यात गवतात सापडलेल्या वस्तू तो आपल्या मुलीसाठी जपून ठेवायचा. बटणं, निळ्या काचेचा तुकडा, जुनी नाणी.

आणि तळाशी वाटीचा कान. एका बाजूला उचलायला असतो तो, वळणदार, चांदीचा, मुळापासून तुटलेला.

जाइल्स माझ्या दुकानात येऊन बसले तेव्हा रागावले होते की खूश झाले होते ते मला कळलं नाही. पोलिसांना आत्ताच बोलावणार नाही म्हणाले, रविवारी पाहुण्यांची तुफान गर्दी असते, निळे दिवे लावून गाडी झऱ्याशी उभी राहिली तर गावाची शोभा होईल. सोमवारी सकाळी फोन करणार. तोवर त्या मुलानं वाटी कुठं दडवली ते सांगितलं तर बरं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी ऊना गार्लिक तिसरा स्कोन, म्हणजे माझ्या हातचा गोडसर पाव, खात होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"कान मोडून चोर चांदी कशाला नेईल, जाइल्स?" ती म्हणाली. "आणि नेलीच, तर कान उघड्या डब्यात कशाला ठेवेल?"

जाइल्स म्हणाले, तो चोर आहे, शहाणा आहे असं कोण म्हणालं.

३

ऊना माझी शेजारीण. विम्याच्या कंपनीत आयुष्यभर एकच काम केलं, लोकांचे खोटे दावे पकडायचे. कोणी म्हणायचं आगीत गालिचा जळला, ही राख चिवडून सांगायची की गालिचा आधीच मावशीकडे गेलाय. एका कानानं तिला ऐकू येत नाही, आणि नको असलेलं बोलणं ती मुद्दाम त्या कानावर घेते. स्कोनचं बिल मागितलं की हमखास.

संध्याकाळी ती मला घेऊन कॉरिनकडे गेली. तो पायरीवर बसला होता. आत पलंगाशेजारी एक छोटा पलंग नवा रंगवून ठेवला होता, पिवळा.

त्याची मुलगी टिली, सहा वर्षांची, दुसऱ्या गावी एका कुटुंबात ठेवलेली. आई नाही. येत्या मंगळवारी कोर्टाकडून बाई घर बघायला येणार होती. तिनं चांगलं लिहिलं की सप्टेंबरात टिली बापाकडे येणार. आणि सोमवारी पोलीस आले तर? मी हे विचारलं नाही. त्यानं पिवळ्या पलंगाकडे पाहिलं तेवढ्यात मला कळलं.

ऊनानं फक्त एवढंच विचारलं की तो कान कुठं मिळाला. कॉरिन म्हणाला, शुक्रवारी गवत कापताना, चर्चच्या पडवीच्या पायरीपाशी. यंत्राचं पातं खणकन वाजलं म्हणून वाकून पाहिलं. मातीनं पार माखला होता, त्याला वाटलं जुन्या कपाटाची कडी असेल. शुक्रवारी हात धुवायला तो वेदीमागच्या खोलीत गेला होता, हेही त्यानं आपणहून सांगितलं. पेटीचं कपाट तिथंच आहे.

"मी चोरी केलेली आहे, मिसेस गार्लिक," तो म्हणाला. "मला विचारलं तर मी नाही म्हणणार. चोर काय, हो म्हणतो का? म्हणून मी बोलतच नाहीये."

ऊनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारी पायरीवर टोमॅटोंनी भरलेली एक टोपली होती. तिनं विचारलं, कोणी दिले. नॉर्मननं, तो म्हणाला. सकाळी प्रार्थनेनंतर आणि परत दुपारीही. दुपारी जाइल्स गेल्यावर लगेच आले होते, टोपली ठेवली, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण नुसते उभे राहिले आणि गेले.

वाटेत ऊना थांबली आणि मला म्हणाली, "अगं, नॉर्मननं तुला कधी टोमॅटो दिलेत?"

मी हसले. नॉर्मननं मला आयुष्यात एकच गोष्ट दिली होती, माझ्या स्कोनमध्ये सोडा जास्त पडतो ही माहिती.

४

रात्रभर पाऊस झाला. रविवारी ऊनानं आधी जोसलिनबाईंना गाठलं. बाई म्हणजे चांगुलपणाची खाण, पण विसराळू. कपाटाच्या दोन किल्ल्या, एक नॉर्मनकडे, दुसरी बाईंची. बाईंची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, कारण खिशात ठेवली की हरवते. म्हणजे चर्चमध्ये शिरलेल्या कोणालाही ती घेता आली असती, पाहुण्यालासुद्धा. मला वाटलं, आता वाटी कसली सापडते. ऊना मात्र भलतंच विचारत होती, वाटी पुसतात कुठं. बाई म्हणाल्या, बाहेर पडवीतल्या बाकावर. त्या खोलीला खिडकी नाही आणि दिवा तर ईस्टरला गेला तो गेलाच, आज बदलू उद्या बदलू करता करता राहिलाय. बाई लाजल्या.

मग जाइल्स. आपल्याला विचारतात याचाच त्यांना राग आला. कान शुक्रवारी गवतात मिळाला होता, म्हणून ऊनानं आदल्या दिवसाचं विचारलं, गुरुवारी दुपारी ते कुठं होते? कोठारात होते, तालुक्याच्या संग्रहालयातली एक बाई घेऊन. तिला वाटी बघायची होती. नॉर्मन कोठारात एकटाच चौकटीवर वाकलेला होता. त्यांनी वाटी दाखवायला सांगितलं, तर तो मान वर न करता म्हणाला, शनिवारी पाण्यावर दिसेल, सगळ्यांना दिसते तशी. ती बाई बराच वेळ त्याच्याशी बोलत उभी राहिली, म्हातारा मातीवरून हात फिरवत राहिला.

"उद्धट माणूस," जाइल्स म्हणाले. "पण हात बघत राहावेत असे आहेत. त्या जागी काय गुळगुळीत केली माती त्यानं."

ऊनानं विचारलं, कुठल्या जागी. जाइल्सना आठवेना. चौकटीच्या मधोमध कुठंतरी.

बाहेर आल्यावर ऊना एकटीच भराभर पुढं चालायला लागली. ती अशी चालायला लागली की मला भीती वाटते, कारण मग कोणाचं तरी काहीतरी उघडं पडतं.

५

नॉर्मन त्याच्या बागेत होता. टोमॅटोची झाडं जवळजवळ रिकामी झाली होती.

ऊना सरळ बाकावर बसली आणि म्हणाली, वाटी शेवटची तुम्ही पाहिलीत, कधी पाहिलीत. बुधवारी संध्याकाळी, तो म्हणाला. पुसली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. कुठं पुसलीत? त्यानं एक टोमॅटो तोडला. आत, वेदीमागच्या खोलीत.

मी ऊनाकडे पाहिलं. ती त्याच्या झाडांकडे पाहत होती.

मग नॉर्मन आपणहून बोलायला लागला, आणि मला नवल वाटलं, कारण हा माणूस हवापाण्यावरही बोलत नाही. कॉरिन चांगला मुलगा आहे म्हणाला. गवत फार छान कापतो. जाइल्सना घाई झालीय. वाटी कुठंतरी चुकून राहिली असेल, आठवड्यानं सापडेलही, पोलीस कशाला. बोलता बोलता त्यानं आणखी टोमॅटो तोडले, त्यात एक हिरवाही होता, तोही टोपलीत टाकला. "हे त्याला नेऊन द्याल का?" त्यानं विचारलं. "मी गेलो तर त्याला अवघड होतं."

"त्याला होतं?" ऊनानं विचारलं.

तो पुन्हा झाडाकडे वळला. निघताना ऊनानं टोपली घेतली नाही.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, बघ, एवढा कडक माणूस, पण मनानं किती चांगला, सगळ्या गावात तोच एकटा त्या पोराच्या बाजूनं बोलतोय. ऊना म्हणाली, तिच्या धंद्यात एक गोष्ट तिनं कायम पाहिली. ज्याचं खरंच नुकसान होतं तो माणूस चिडतो, भांडतो, शिव्या देतो. ज्याच्या मनाला काही खात असतं तो फार चांगला वागायला लागतो.

"तुझ्या हायड्रेंजियाचं झाड दाखव," ती म्हणाली. "आणि मग आपण कोकरू बघायला जाऊ."

६

झाडावरचे देठ तिनं एकेक करून पाहिले. पाहुणा फूल तोडतो तेव्हा देठासकट ओरबाडतो, पानं फाटतात. इथं गेंद तेवढे कात्रीनं नीट कापलेले होते, पाकळ्या हव्या असणाऱ्या माणसानं कापावेत तसे. कधी कापले? मी म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी पाहिलं तेव्हा नव्हते. शुक्रवारी ढगांसाठी मी स्वतः दुसऱ्या बाजूची फुलं काढून दिली, बायकांनी दुपारी बसून ढग भरले.

"आणि कोकरू कधी भरलं?"

मला आठवलं. शुक्रवारी सकाळी आम्ही कोठारात आलो तेव्हा कोकरू भरलेलंच होतं. सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिलो. पण नॉर्मन म्हणाला, मी वेळ होता म्हणून करून टाकलं, कोणी हात लावायचा नाही. त्याला कोण विचारणार?

झऱ्यापाशी पाहुण्यांची रांग होती. आम्ही दोघी घुसलो. पावसानं चित्र धुऊन निघालं होतं. निळं निळं होतं, मेंढपाळाचा लाल डगला तसाच होता, आणि वरचे ढग, माझ्याच झाडाचे, दुधासारखे पांढरे होते. कोकरू मात्र तपकिरी पडलं होतं. काठाकाठानं नाही, सगळंच्या सगळं. आणि खालच्या बाजूला, जिथं ते मेंढपाळाच्या खांद्याला टेकतं, तिथं पाणी आत शिरून लाल पाकळ्या सुटायला लागल्या होत्या, कारण खांदा आधी भरून त्याच्यावर कोकरू यायचं, ते उलट झालं होतं.

माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याला सांगत होती, बघ ना, कोकरू कसं वर आल्यासारखं दिसतंय.

शुक्रवारी सकाळचं ते भरलेलं कोकरू माझ्या डोळ्यांसमोर आलं. ज्या माणसानं एका पांढऱ्या पाकळीपायी रोझीला रडवलं, त्यानंच गुरुवारी पांढरं लावलं. उगाच नाही लावणार तो. लावलं नसतं तर शुक्रवारी कोणीतरी दुसऱ्यानं तिथं बोट दाबलं असतं.

"ऊना," मी हळूच म्हटलं, "आपण सगळे दोन दिवस वाटीकडेच बघतोय."

"हो," ती म्हणाली. "आणि तोही."

तो तिथंच होता, लोकांच्या मागं, हातात पाण्याचा फवारा घेऊन. दर तासाला येऊन तो चित्रावर पाणी मारायचा. आम्हाला वाटायचं, काय जीव लावतो माणूस.

७

ऊनानं त्याला झऱ्याच्या काठावरच्या बाकावर बसवलं. मी उठून जायला लागले तर तो म्हणाला, राहू दे थेल्मा, आता काय.

ऊना मोठ्यानं बोलली नाही. वाटी बुधवारी नाही, गुरुवारी दुपारी पुसायला काढली, ती म्हणाली. अंधाऱ्या खोलीत नाही, पडवीत, जिथं तुम्ही नेहमी बसता. तिथंच ती हातातून पायरीवर पडली आणि कान तुटून गवतात गेला. तो तुम्हाला सापडला नाही, शुक्रवारी कॉरिनला सापडला. तुम्ही वाटी घेऊन कोठारात आलात, कान मिळेपर्यंत ती कुठंतरी ठेवायला, तर जाइल्स त्या बाईला घेऊन दारात. हातात तुटलेली वाटी आणि समोर ओली माती.

नॉर्मन स्वतःचे हात पाहत होता.

"त्या बाई हलेनातच," तो म्हणाला. "बोलत राहिल्या. मला वाटलं, गेल्या की काढीन. मग तुम्ही बायका बादल्या घेऊन आलात, कोठारात येजा सुरू झाली. रात्री चौकट मोडून काढली असती तर सकाळी काय सांगितलं असतं? म्हटलं, आठवडा संपला की माती मीच खरवडतो. तेव्हा काढीन, जोडीन, कुठंतरी ठेवीन."

"पडली हे सांगायचं होतं," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "वस्तू पडते, नॉर्मन. माझ्या दुकानात रोज पडते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मी कोणाचं कधी पडलेलं चालवून घेतलंय, थेल्मा? चाळीस वर्षं मी प्रत्येकाच्या चुका काढल्या. माझी काढायला गाव टपलेलंच असेल असं वाटलं मला."

पाहुण्यांची पोरं पाण्यात पाय घालून ओरडत होती. ऊनानं विचारलं की कॉरिनच्या डब्यात कान सापडला ते शनिवारी दुपारीच कळलं ना. तो हो म्हणाला. तेव्हा का नाही बोललात? त्यानं हातातला फवारा पायाशी ठेवला. मंगळवारी कोर्टाची बाई येणार हे ठाऊक होतं? होतं. मग?

"दर वेळी ठरवत होतो," नॉर्मन म्हणाला. "टोपली घेऊन जायचो ते सांगायलाच जायचो."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ऊना उठली. म्हणाली, मी जाइल्सना काही सांगणार नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळं गाव इथं येईल. तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर मग मी सांगेन, पण ते तुमच्यासाठी वेगळं होईल आणि त्या मुलासाठीही.

संध्याकाळी सगळे आले. कॉरिनही आला, जोसलिनबाईंनी हाताला धरून आणला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढी जागा मोकळी राहिली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. नॉर्मनचा पत्ता नव्हता. ऊनानं चष्मा पुसला आणि पुढं जायला निघाली.

८

तेवढ्यात तो आला. मातीचं काम करताना बांधतो ते मळकं फडकं कमरेला बांधून आला होता. कोणाकडे न बघता सरळ चित्रापाशी गेला आणि दोन्ही हातांची बोटं कोकराच्या पाठीत घातली.

लोकांच्या तोंडून आवाज निघाला. जाइल्स पुढं धावले, अहो अहो करत. पाहुण्यांनी कॅमेरे वर केले. नॉर्मन खणत राहिला, पाकळ्या आणि माती त्याच्या बुटांवर पडत होती. मग त्यानं वाटी बाहेर काढली, झऱ्यात धुतली आणि उंच धरली, कान तुटलेली बाजू लोकांकडे करून.

"ही माझ्या हातून पडली," तो म्हणाला. "गुरुवारी. मीच लपवली. या मुलानं काही केलेलं नाही. मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी मी त्याच्यावर आळ येऊ दिला आणि टोमॅटो देत बसलो."

नंतरचं सांगायला बरं वाटत नाही. जो तो एकदम फार गोड झाला. जाइल्सनी कॉरिनचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. त्या रात्रीत त्याच्या पायरीवर तीन केक आणि मांस भरलेलं एक मोठं पॅटीस जमा झालं, त्यातला एक केक माझा होता. सकाळी ते सगळं तसंच पायरीवर होतं. टोमॅटोची टोपली मात्र धुऊन, पुसून, रिकामी, नॉर्मनच्या दाराशी ठेवलेली होती.

मंगळवारी कोर्टाची बाई आली तेव्हा नॉर्मन कोट घालून कॉरिनच्या फाटकाशी उभा होता. या घराबद्दल काही वाईट कानावर आलं असेल तर ते माझं काम आहे, असं त्यानं तिला सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. कॉरिननं दारातून ऐकलं आणि बाईला आत घेतलं. नॉर्मनला घेतलं नाही. आठवडाभर चित्रात कोकराच्या जागी भोक राहिलं. जाइल्सनी भरायला सांगितलं, नॉर्मन नाही म्हणाला.

सप्टेंबरात टिली आली. पुढच्या ऑगस्टात, गुरुवारी, ती कोठारात आली बापाबरोबर. नॉर्मननं चित्र काढायचं सोडलं होतं, तो नुसती माती तुडवून द्यायचा. रोझीला मात्र तो स्वतः जाऊन बोलावून आला होता. आम्ही निळ्यात गुंतलो होतो, आणि बघतो तर टिलीनं कुठूनशी माझ्याच झाडाची पांढरी फुलं आणून अख्खा एक ढग भरून टाकला होता. सगळ्यांनी नॉर्मनकडे पाहिलं. रोझीनं तर हातातली बादली खाली ठेवली.

तो जवळ आला, ढग पाहिला. "छान झालाय," म्हणाला आणि परत माती तुडवायला लागला.

रविवारपर्यंत तो ढग तपकिरी पडला. पाहुणे हटकून विचारत होते, एवढ्या सुंदर चित्रात हे असं कसं झालं, कोणी केलं. टिली बापाच्या मागं लपली होती. नॉर्मन फवारा घेऊन उभा होता.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "मी गुरुवारी पांढरं लावलं."

कॉरिननं ते ऐकलं. तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला आणि दोन कप चहा मागितला, एक स्वतःला आणि एक त्या म्हाताऱ्याला.